फोटोग्राफरांचे मिटअप, बातम्या आणि धंदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिटअपला नव्याने येणारे आणि कॅमेऱ्यावर पोट भरायला निघालेले, दोघेही फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. ‘लेन्स कोणती घेऊ’ हा प्रश्न मुद्दाम घेतलेला नाही. त्यावर सल्ला देणाऱ्यांची कमतरता नाही.

मिटअपला यायला कोणता कॅमेरा लागतो?

हाताशी असेल तो. मोबाइल चालतो. बॅटरी भरलेली आणि कार्डात जागा असली की झालं. या दोनपैकी एक विसरून आलेला माणूस दर वेळी एक तरी निघतोच.

मी एकटाच बरे फोटो काढतो. घोळक्यात फिरून काय मिळणार?

त्या दिवसाचे फोटो कदाचित फारसे चांगले येणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. दहा जण एकाच दारासमोर उभे राहिले की दहाही जणांकडे तेच दार येतं. मिळतं ते वेगळं. फोटो बघून ‘छान’ म्हणणारी माणसं घरात असतात. ‘डावीकडचा तो खांब कशाला ठेवलास?’ असं विचारायला दुसरा फोटोग्राफरच लागतो.

ही गरज आजची नाही. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी, जिला पुढे ‘रॉयल’ ही पदवी मिळाली, 1853 मध्ये सुरू झाली. दागेरोटाइपची, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो उमटवण्याची, रीत जगजाहीर होऊन तेव्हा जेमतेम 14 वर्षं झाली होती. 1932 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अँसल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन, इमोजेन कनिंगहॅम या मंडळींनी ‘ग्रुप एफ/64’ काढला, तो धूसर, रंगवलेल्या चित्रासारखे दिसणारे फोटो पुरे झाले म्हणून. नावसुद्धा मोठ्या कॅमेऱ्यांवरच्या अगदी बारीक ॲपर्चरवरून (लेन्समधल्या उजेड येण्याच्या छिद्रावरून) घेतलं, ज्यात जवळचं आणि लांबचं सगळंच लख्ख दिसतं. एकेकट्याने तक्रार केली असती तर हवेत विरली असती. सगळ्यांनी मिळून एका संग्रहालयात प्रदर्शन लावलं तेव्हा ती भूमिका झाली.

धंद्याच्या अंगाने बघायचं तर नव्या फोटोग्राफरची पहिली धड कामं बहुधा दुसऱ्या फोटोग्राफरकडूनच येतात. ज्याची तारीख आधीच दुसऱ्या कामाला गेलेली असते तो फोन फिरवतो, आणि ज्याच्यासोबत तो उन्हात दोन तास फिरलेला असतो त्यालाच फिरवतो. या पानावरची पुढची निम्मी उत्तरं शेवटी याच गोष्टीपाशी येतात.

मला फोटोवॉक घ्यायचाय. सुरुवात कुठून करू?

रस्त्यापासून. आधी एकट्याने तो रस्ता चाला, त्याच वारी आणि त्याच वेळेला. शनिवारी दुपारी पाहिलेली गल्ली रविवारी सकाळी ओळखू येत नाही: दुकानं बंद, ऊन उलट बाजूने, आणि जिथे माणसं असतील असं वाटलं होतं तिथे फक्त गाड्या उभ्या. नकाशावर अंतर कमी दिसतं. फोटोग्राफरांचा घोळका तासाला एक किलोमीटर सरकला तरी खूप झालं. दोन तासांसाठी दीड-दोन किलोमीटर धरा.

माणसं बारा ते पंधरा. त्यापेक्षा जास्त झाली तर दोन गट करा, नाहीतर पुढचे वळणावर आणि मागचे पहिल्याच भिंतीपाशी, असं होतं. नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत कोणाच्या तरी सोबत जोडून द्या. हे एक काम तुम्ही केलं नाही तर तो तास-दीड तास एकटा फिरून गुपचूप घरी जातो आणि पुन्हा येत नाही. यजमानाने त्या दिवशी स्वतः फोटो काढायचे नसतात, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांचे वॉक मी पाहिलेत.

एक अट घालून द्या. ‘आज फक्त एकच फोकल लेंथ’ (म्हणजे झूम करायचं नाही), ‘प्रत्येकी 24 फ्रेम, डिलीट करायचं नाही’, ‘फक्त सावल्या’. अट नसेल तर लोक नेहमीचेच फोटो काढून घरी जातात. शेवट अशा जागी करा जिथे बसता येईल आणि फोटो एकमेकांना दाखवता येतील. खरा मिटअप तिथे होतो, चालणं हे निमित्त.

निमित्तच हवं असेल तर 19 ऑगस्टचा जागतिक छायाचित्रण दिन आहे. 1839 मध्ये त्या दिवशी फ्रेंच सरकारने दागेरोटाइपची रीत सगळ्यांसाठी खुली केली. मला त्यापेक्षा एप्रिलचा शेवटचा रविवार आवडतो. तो जगभर पिनहोल दिन म्हणून पाळतात; पिनहोल म्हणजे लेन्सऐवजी टाचणीएवढं भोक असलेला कॅमेरा. लेन्सच नाही म्हटल्यावर महागड्या लेन्सवाले आणि साधे कॅमेरेवाले एका पातळीवर येतात.

रस्त्यावर अनोळखी माणसांचे फोटो काढले तर चालतं का?

कायदा देशागणिक बदलतो, त्यामुळे जिथे उभे आहात तिथला बघा. काढणं आणि वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं मात्र बहुतेक ठिकाणी खरं. सार्वजनिक जागी काढलेला फोटो प्रदर्शनात लावता आला तरी तोच जाहिरातीत टाकायला त्या माणसाची लेखी संमती लागते. कायद्याच्या अलीकडे साधी माणुसकी असते: कोणी हात आडवा केला की कॅमेरा खाली. ‘डिलीट करा’ म्हणालं तर मी वाद घालत नाही. लहान मुलं असतील तर आधी त्यांच्यासोबतच्या मोठ्या माणसाकडे बघायचं. पंधरा जणांनी मिळून एका माणसावर कॅमेरे रोखणं तर कुठल्याही कायद्यात बसलं तरी करू नये.

फोटो दाखवायला बसतो तेव्हा सगळे नुसतं ‘मस्त’ म्हणतात. खरी चर्चा कशी घडवायची?

स्क्रीन बंद करा आणि प्रिंट आणायला सांगा. पोस्टकार्डाएवढ्याही चालतात. प्रत्येकी पाच, फार तर सात. टेबलावर मांडायच्या आणि ज्याचे फोटो आहेत त्याने पहिली पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही. हा नियम सगळ्यात अवघड जातो. फोटोमागची गोष्ट (‘तीन तास थांबलो होतो, पाऊस होता’) एकदा सांगितली की कोणी फोटो बघत नाही, सगळे गोष्टच ऐकतात.

बाकीच्यांनी आवडलं-नावडलं बोलायचं नाही. नजर आधी कुठे गेली, तिथून कुठे गेली आणि कुठे अडकली, एवढंच सांगायचं. काळ्या पुठ्ठ्याच्या एल आकाराच्या दोन पट्ट्या कापून ठेवा. त्या प्रिंटवर सरकवत सरकवत उजवी बाजू झाकली, वरचं आकाश कमी केलं, की एकदम कोणीतरी म्हणतं, ‘थांब, इथेच!’ त्या क्षणी फ्रेमबद्दल जे कळतं ते तासभर व्याख्यान देऊन कळत नाही. शेवटी सगळ्या प्रिंट एका रांगेत लावून मालकाला विचारायचं, यातली एक काढायची तर कुठली? बहुतेक जण सर्वांत कष्टाने मिळालेला फोटो वाचवतात आणि चांगला काढून टाकतात. मग चर्चा रंगते.

पक्ष्यांची, फुलांची जागा कोणी विचारली तर सांगावी का?

घरटं असेल तर नाही. मित्राला सांगितलेली जागा आठवड्यात तिऱ्हाइताच्या तोंडी असते. फोटो टाकण्याआधी त्यातली जीपीएसची माहितीही काढून टाका.

रोज नवीन कॅमेरा येतो. बातम्या वाचू तरी किती?

दोनच प्रकारच्या बातम्या धंद्यात उपयोगी पडतात. पहिली, तुमच्याकडे आधीच असलेल्या सामानाची: फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर), सदोष बॅटरी किंवा लेन्स परत मागवल्याची सूचना, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या शर्ती बदलल्याची बातमी. ही कंटाळवाणी असते आणि म्हणूनच सुटते. फर्मवेअर आल्या दिवशी टाकू नका, आणि शूटच्या आदल्या रात्री तर मुळीच नाही.

दुसरी, धंद्याचा वारा कुठे चाललाय याची. जर्मनीतल्या कोलोन शहरात 1950 पासून भरणारा फोटोकिना हा कॅमेऱ्यांचा सगळ्यात मोठा मेळा. 2018 चा शेवटचा ठरला, आणि 2020 मध्ये तो बेमुदत थांबवल्याचं आयोजकांनी जाहीर केलं. 1936 पासून कॅमेरे बनवणाऱ्या ऑलिम्पसने तो विभाग वेगळा करून विकला; जानेवारी 2021 पासून ते काम ओएम डिजिटल सोल्युशन्स बघते. 2024 मध्ये निकॉनने सिनेमाचे कॅमेरे बनवणारी रेड कंपनी विकत घेतली. या तिन्ही बातम्या एका ओळीत ठेवून बघा. साध्या फोटोचं गिऱ्हाईक मोबाइलकडे गेलंय आणि कंपन्या व्हिडिओकडे वळल्यात. तुमचं गिऱ्हाईकही आज ना उद्या ‘व्हिडिओ पण कराल ना?’ असं विचारणार आहे, किंबहुना विचारूनही झालं असेल.

उरलेल्या अफवा करमणूक म्हणून वाचाव्यात. मीही वाचतो.

एआयमुळे आपलं काम जाणार का?

काही कामं गेलीच आहेत: पांढऱ्या पार्श्वभूमीवरच्या साध्या वस्तूंचे फोटो, ‘हसतमुख माणूस लॅपटॉपसमोर’ छापाचे स्टॉक फोटो, म्हणजे आधीच काढून विकायला ठेवलेले. जिथे ‘हे खरंच घडलं’ याला किंमत आहे ती कामं टिकली आहेत. समारंभ, बातमी, माणसांची चित्रं, एखाद्या कारखान्याची नोंद.

खरं-खोटं ओळखण्याची अडचण मात्र आपल्याच अंगणात आली आहे. 2023 मध्ये सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये बोरिस एल्डाग्सेन यांच्या चित्राला एका विभागात पहिलं स्थान मिळालं, आणि ते चित्र एआयने घडवलेलं आहे म्हणत त्यांनी बक्षीस नाकारलं. स्पर्धा अशा प्रतिमांसाठी तयार आहेत का, हे आपल्याला बघायचं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी लायकाने एम11-पी आणला. फोटो काढतानाच त्यावर ‘कोणी, कधी, कशाने’ याची डिजिटल सही करणारा तो पहिला कॅमेरा. ही पद्धत आता इतर कंपन्याही आणत आहेत. तोवर आपल्यापुरता उपाय सोपा आहे: मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली आणि एडिट न केलेली, जपून ठेवा. मोठ्या वृत्तछायाचित्र स्पर्धा अंतिम फेरीत मूळ फाइल मागतातच.

स्पर्धांमध्ये भाग घ्यावा का?

नियमावलीत हक्कांचा परिच्छेद आधी वाचा, बक्षिसाचा नंतर. ‘आलेल्या सर्व फोटोंवर आयोजकांचा कायमचा आणि विनामोबदला हक्क’ असं लिहिलेलं असेल तर ती स्पर्धा म्हणजे फुकटात फोटोंचा साठा जमवण्याची युक्ती. विजेत्यांचे फोटो स्पर्धेच्या प्रसिद्धीपुरते वापरणं योग्य. हरलेल्यांचे कशाला हवेत?

प्रवेशशुल्क घेणाऱ्या सगळ्याच स्पर्धा वाईट नसतात. 1950 मध्ये सुरू झालेल्या फियाप या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेने होणाऱ्या सलोनमध्ये (फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनात) निवड झाली की गुण साठतात आणि पुढे नावामागे पदव्या लावता येतात. हौशी मंडळींना त्यात खरा आनंद मिळतो. गिऱ्हाईक मात्र त्या पदव्या विचारत नाही.

नोकरी सोडून पूर्ण वेळ कधी उतरू?

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला आणि ओळखीपाळखीच्या बाहेरचं काम सलग येऊ लागलं की. चुलतभावाचं लग्न हे गिऱ्हाईक नव्हे.

दर किती लावू?

हा प्रश्न मिटअपला ‘बाकीचे किती घेतात?’ या रूपात येतो आणि तिथेच चुकतो. बाकीच्यांचं घरभाडं तुम्हाला माहीत नसतं. गणित स्वतःपासून सुरू करा.

वर्षाचे 52 आठवडे. आजारपण, सुट्टी, मंदी यांचे 4 काढा, 48 उरले. आठवड्याला 5 दिवस काम, म्हणजे 240. त्यातला आठवड्याचा एक दिवस हिशेब, फोन, भेटी, कोटेशन, सामान दुरुस्ती यात जातो. राहिले 192. आता एका शूटच्या दिवसामागे निवड आणि एडिटिंगचे दोन दिवस धरा. 192 भागिले 3, म्हणजे 64. वर्षात बिल लावता येतील असे दिवस हे एवढेच. तुमचं काम वेगळ्या प्रकारचं असेल तर आकडे बदला, पण ‘महिन्याचे तीस दिवस’ धरून दर काढू नका.

मग वर्षाचा खर्च मांडा. घरखर्च, प्रवास, सॉफ्टवेअर, विमा, कर, साठवणुकीच्या डिस्क, आणि सामानाची झीज. ही झीज सगळे विसरतात. व्यावसायिक वापराच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं मेकॅनिकल शटर साधारण 2 ते 3 लाख क्लिकच्या हिशेबाने बनवलेलं असतं. दिवसाला 2,000 क्लिक गुणिले 64 म्हणजे वर्षाला 1,28,000. कॅमेरा दोन वर्षांत त्या आकड्यापाशी येऊन ठेपतो. इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर ही झीज वाचते, पण सेन्सर आणि फोकस जुने होतातच. म्हणजे पुढचा कॅमेरा आजच्या बिलातून उभा राहिला पाहिजे. एकूण खर्च भागिले 64, हा तुमचा तोट्यात न जाण्याचा दर. नफा त्याच्या वर.

हा आकडा पाहिल्यावर बहुतेकांचा चेहरा पडतो. ‘एवढे कोण देणार?’ देणारे असतात, पण ते वेगळे असतात. हा दर परवडणारं गिऱ्हाईक शोधायचं, की दिवसामागचं एडिटिंग दोनवरून एकावर आणायचं, हे दोनच रस्ते आहेत. दुसऱ्या रस्त्याने 64 चे 96 दिवस होतात. म्हणूनच कॅमेऱ्यातच एक्स्पोजर आणि रंग नीट धरणारा फोटोग्राफर जास्त कमावतो.

‘पैसे नाहीत, पण तुमचं नाव होईल’ असं म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

कोणाला फुकट द्यायचं ते तुम्ही ठरवलेलं असू द्या. एखादी संस्था आवडते, एखादा विषय पोर्टफोलिओत हवाय, तर जरूर करा. पण बिल पूर्ण रकमेचं बनवा, खाली शंभर टक्के सूट लिहा आणि पाठवा. पुढच्या वेळी त्याच माणसाने पैसे द्यायचं ठरवलं तर सुरुवात शून्यापासून होत नाही. आणि त्याने दुसऱ्या कोणाला तुमचं नाव सांगितलंच, तर दरही सांगतो.

लेखी करार खरंच लागतो का? ओळखीचीच माणसं आहेत.

ओळखीच्यांसोबतच जास्त लागतो. अनोळखी माणसाशी भांडण झालं तर निदान लग्नकार्यात समोरासमोर यावं लागत नाही.

दोन पानं पुरतात. तारीख, जागा, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, आणि उशीर झाला तर वाढीव तासाचा दर. ॲडव्हान्स किती, उरलेले पैसे कधी. माझ्या मते फोटो हातात पडण्याआधी, नंतर नाही. तारीख रद्द झाली तर ॲडव्हान्सचं काय, पुढे ढकलली तर काय. तुम्ही आजारी पडलात तर बदली माणूस कोण पाठवणार. कॅमेरा किंवा कार्ड बिघडून फोटो गेलेच तर जास्तीत जास्त किती भरपाई.

सगळ्यात जास्त भांडणं दोन ओळींवरून होतात. एक, ‘किती फोटो मिळणार’. तुम्ही मनात चारशे निवडलेले धरता, समोरचा क्लिक केलेले सगळे धरतो. ‘निवडून एडिट केलेले किमान इतके फोटो, निवड फोटोग्राफरची’ असं स्पष्ट लिहा. दोन, ‘थोडं करेक्शन’. किती वेळा आणि कशात? रंग, उजेड, क्रॉप हे एडिटिंगमध्ये धरतात; पोट आत घेणं, मागचा माणूस काढणं हे रिटचिंग, त्याचे फोटोमागे वेगळे पैसे. बदलांची एक फेरी बिलात, पुढची जादा दराने. हे वाक्य करारात आलं की फेऱ्या आपोआप कमी होतात.

पैसे घेऊन काढलेल्या फोटोंचा हक्क कोणाचा?

1886 च्या बर्न करारात आलेल्या देशांमध्ये कॉपीराइटसाठी नोंदणीची सक्ती नसते. क्लिक केलं की हक्क जन्माला येतो. पण तो कोणाच्या नावाने, हे सगळीकडे सारखं नाही. काही देशांत ऑर्डर देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक ठरतो, काही ठिकाणी फोटोग्राफर. नोकरीत असाल तर बहुधा मालकाचाच. हे सगळं करारातल्या एका परिच्छेदाने बदलता येतं, म्हणून तो परिच्छेद लिहायचा.

‘हक्क’ हा एक गठ्ठा नसतो. कुठे वापरणार, किती काळ, कोणत्या कामासाठी, हे वेगवेगळं मोजायचं. 1947 मध्ये रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसों, जॉर्ज रॉजर आणि डेव्हिड सीमूर यांनी मॅग्नम ही सहकारी संस्था काढली, त्यामागचा एक मोठा आग्रह हाच होता की फोटोचा हक्क मासिकाकडे न जाता काढणाऱ्याकडे राहावा. फोटोग्राफर लिन गोल्डस्मिथ यांचं उदाहरण तर अगदी अलीकडचं. गायक प्रिन्सचा त्यांनी 1981 मध्ये काढलेला फोटो 1984 मध्ये एका मासिकाला चित्राचा आधार म्हणून एकदाच वापरायला दिला होता. चित्रकार अँडी वॉरहॉलने त्यावरून एकाऐवजी कितीतरी चित्रं केली, आणि 2016 मध्ये त्यातलं एक पुन्हा छापलं गेलं. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीच्या लायसन्सवर ‘एकदाच’ असं लिहिलेलं होतं, हे या प्रकरणात किती मोलाचं ठरलं ते लक्षात घ्या.

गिऱ्हाईक रॉ फाइल मागतं. देऊ का?

मी देत नाही. अर्धवट काम आपल्या नावाने फिरायला नको. एडिटिंगची स्वतःची टीम असलेल्या जाहिरात कंपन्यांचं वेगळं. तिथे रॉ धरूनच दर सांगायचा.

शूट झाल्यावर फाइल्स कशा सांभाळायच्या?

दोन कार्डांचा कॅमेरा असेल तर दोन्हींवर एकाच वेळी लिहू द्या. घरी आल्यावर कितीही दमला असाल तरी कॉपी त्याच रात्री. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. डिस्क टेबलावर आणि तिची प्रत त्याच टेबलाच्या खणात, ही एकच प्रत समजावी. चोर आणि पाणी दोन्ही घेऊन जातात. 24 मेगापिक्सेलची रॉ फाइल 25 ते 30 एमबीच्या आसपास धरली तर 2,000 फ्रेमचे 50 ते 60 जीबी होतात. हा खर्च दरात धरलेला असला पाहिजे. कॉपी उघडून तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीला दुसरा, म्हणून पहिल्यांदा जातोय. काय सांभाळू?

वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि पहिलं काम घड्याळाचं करा. दोघांनी आपापल्या कॅमेऱ्याने एकाच मोबाइलचं सेकंद दाखवणारं घड्याळ टिपायचं. नंतर दोघांच्या फाइल्स वेळेनुसार एकत्र लावताना तुमचा कॅमेरा तीन मिनिटं पुढे असला, तर त्या एका फोटोवरून फरक कळतो आणि सगळ्या फाइल्स एकदम सरकवता येतात. हे केलं नाही तर अल्बममध्ये माणसं हार घालण्याआधीच हारासकट उभी दिसतात. व्हाइट बॅलन्सही (उजेडानुसार रंग जुळवणारी सेटिंग) दोघांनी एकच धरावा.

मुख्य फोटोग्राफर ज्या बाजूला आहे त्याच्या समोरच्या बाजूला राहा, पण त्याच्या फ्रेममध्ये नाही. त्याने वाइड (रुंद दृश्य घेणारी लेन्स) लावली तर तुम्ही टेली (लांबचं जवळ आणणारी). गिऱ्हाइकाला स्वतःचं कार्ड देऊ नका, दराबद्दल बोलू नका. ‘तुम्ही पण घेता का ऑर्डर?’ असं कोणी विचारलंच तर मुख्य फोटोग्राफरचा नंबर द्या. त्या दिवशीचे फोटो पोर्टफोलिओत वापरता येतील का, कधीपासून, कोणाच्या नावाने, हे आधी विचारून घ्या. हा सगळा समाज लहान असतो. एका हंगामात कोणी कोणाचं गिऱ्हाईक पळवलं ते पुढच्या मिटअपला सगळ्यांना माहीत असतं, आणि ऐन दिवशी ताप भरला तर बदली जायला तेव्हा कोणी फोन उचलत नाही.

माझा फोटो कोणीतरी न विचारता वापरलाय.

रागाचा मेसेज नंतर. आधी तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. पहिला फोन केला की फोटो गायब होतो आणि पुरावाही. मग बघा, आपल्याच गिऱ्हाइकाने तर दिला नाही ना? पुष्कळदा सजावट करणाऱ्याला, जागेच्या मालकाला गिऱ्हाइकानेच फोटो पाठवलेले असतात आणि त्यांना वाटतं, परवानगी मिळाली. तसं नसेल तर मूळ फाइल हातात ठेवून शांत भाषेत पत्र आणि सोबत वापराचं बिल पाठवा. धमकीपेक्षा बिलाला उत्तर लवकर येतं. ते नाही जमलं तर जिथे फोटो आहे त्या सेवेकडे हटवण्याची तक्रार, आणि रक्कम मोठी असेल तर वकील. कॅमेऱ्याच्या मेनूत कॉपीराइटच्या रकान्यात आपलं नाव आजच भरून ठेवा. अनेक सोशल मीडिया सेवा अपलोड करताना ही माहिती पुसतात, तरी मूळ फाइलमध्ये ती राहते.

वेबसाइट हवी का? सोशल मीडिया पुरत नाही का?

2018 मध्ये फोटो ठेवण्याची सेवा फ्लिकर स्मगमग या कंपनीच्या ताब्यात गेली आणि त्याच वर्षी मोफत खात्यांना 1,000 फोटोंची मर्यादा जाहीर झाली. ज्यांचा दहा-बारा वर्षांचा साठा तिथे होता त्यांना एक तर पैसे भरावे लागले, नाहीतर फोटो उतरवून घ्यावे लागले. सोशल मीडियावर दुकान मांडा, पण गोदाम आणि पाटी स्वतःच्या जागेत ठेवा. साधी, वीस फोटोंची वेबसाइट पुरे. फोटो एसआरजीबीमध्ये (स्क्रीनसाठीच्या सर्वसाधारण रंगपद्धतीत) टाका, नाहीतर काही स्क्रीनवर रंग फिके दिसतात.

पैसे अडकलेत. काय करू?

पंधरा दिवसांनी एक आठवण, महिन्याने दुसरी, दोन्ही लेखी. त्यापुढे फोन. गॅलरी वॉटरमार्कसह दाखवली असेल आणि पूर्ण आकाराच्या फाइल्स पैसे आल्यावर असं ठरलं असेल तर बहुतेक वेळा इतकी वेळच येत नाही.

गिऱ्हाइकांचे फोटो किती वर्षं सांभाळायचे?

करारात लिहाल तितकी. एक वर्ष वाजवी आहे. डिलीट करण्याच्या महिनाभर आधी सर्वांना एक मेसेज करा. ‘फाइल्स काढून टाकतोय, हव्या असतील तर सांगा’. या मेसेजवर दर वर्षी कोणाची ना कोणाची हार्ड डिस्क बिघडलेली निघते, आणि कोणाला तरी मोठी प्रिंट हवी असते. ए3 आकाराला 300 पीपीआयने (इंचाला 300 पिक्सेल) साडेसतरा मेगापिक्सेल लागतात, म्हणून पूर्ण आकाराची जेपेग तरी मागे ठेवाच. रॉ काढून टाकल्या तरी चालतं, पण कोणत्या वर्षी कोणत्या काढल्या याची वहीत नोंद ठेवा.